सोजरची टिटवी

"साहेबरावाला मारून टाकू," बाहेरच्या खोलीत सनी म्हणाला. "वेशीबाहेर पडला, संपला विषय. उगाच ओढत बसायचं नाही."

साहेबराव त्या वेळी ओट्यापाशी कोथिंबीर निवडत उभे होते. रविवार होता, दुपारचे साडेतीन झाले होते. त्यांचा हात थांबला. राग आला नाही, भीतीही वाटली नाही. नवल वाटलं ते एवढंच, की आठ महिने आपण मनात जे घोळवतोय ते या पोरांना कसं कळलं. सोजर गेल्यापासून रोज सकाळी डोळे उघडले की पहिला विचार तोच यायचा, आता उगाच ओढत कशाला बसायचं. मग उठायचं, कारण दूधवाला यायचा. मग चहा, कारण दूध आलेलं असायचं. असं करत दिवस निघायचा. हातातल्या काडीची दोन पिवळी पानं त्यांनी खुडली आणि बाजूला ठेवली. बाहेर मिनल म्हणत होती, "नको ना रे. काकूंना काय वाटलं असतं?" सनी म्हणाला, "काकू असत्या तर प्रश्नच नव्हता."  त्या वाक्यानं साहेबराव हलले. जुडी तशीच हातात घेऊन ते दारात आले.

"कुणाला मारताय रे?"

सनी ताडकन उभा राहिला. चाकणच्या एका गोदामात संगणकावर माल लावणारा हा सहा फुटी पोरगा, पण साहेबरावांसमोर नेहमी शाळेत असल्यासारखा उभा राहायचा. "जयभीम काका. म्हणजे... तुम्हाला न्हाई."

"मग दुसरा साहेबराव कुठनं आणला?"

मिनल, जी एरवी दवाखान्यात पेशंटचे गुडघे वाकवून घेते आणि कुणालाच घाबरत नाही, तिनं मान खाली घातली. शेवटी मैत्रीच बोलली. साहेबरावांची ही एकुलती मुलगी, तिशीची, हिंजवडीला नोकरी. "आईच्या टिटवीचं नाव आहे ते, पप्पा," ती म्हणाली. "खेळातल्या."

खेळ त्यांना माहीत होता, म्हणजे असा एक खेळ घरात चालतो एवढं माहीत होतं. पाच वर्षं झाली, संत तुकाराम नगरच्या या दोन खोल्यांत दर रविवारी मैत्रीची मित्रमंडळी जमायची. टेबलावर कागद पसरायचे, रंगीत फासे पडायचे. मैत्री गोष्ट सांगायची आणि बाकीचे त्या गोष्टीत माणसं व्हायचे. कुणी योद्धा, कुणी चोर. बोलायचं त्या माणसासारखं, ठरवायचं त्या माणसानं, आणि जमलं की फसलं ते फासा सांगणार. साहेबरावांना यातलं काही कळत नव्हतं. रविवारी ते विहारात जायचे, तिथल्या कमिटीचा हिशोब नाही पण वाचनालय त्यांच्याकडे होतं. सोजर पोरांना चहा-पोहे करायची. एका रविवारी एकजण आला नाही म्हणून तिला बसवलं, आणि ती जी बसली ती तीन वर्षं उठली नाही. एकदा साहेबराव लवकर घरी आले तर ही टेबलावर हात आपटून ओरडत होती, "कुत्रं आलं तर आलं, मी हटत न्हाई!" ते म्हणाले होते, "पोरांत पोर झालीस काय?" ती हसली आणि पदर सावरून चहा ठेवायला उठली. पुढं काय झालं, कुत्रं आलं का, हे त्यांनी विचारलं नाही.

मैत्रीनं एक कागद पुढं केला. सातवी शिकलेल्या बाईचं अक्षर, मोठं, ओळ सोडून वर चढणारं. किराण्याच्या यादीत साहेबरावांनी ते हजार वेळा पाहिलेलं. नाव, केसर. काम, चेटकीण. सोबती, टिटवी. टिटवीचं नाव, साहेबराव.

"चेटकिणीला खेळात एक प्राणी असतो," मैत्री सांगू लागली. "नोकर नाही, पाळलेला पण नाही. दोघांची गाठ असते. तो बघतो ते तिला दिसतं, त्याला लागलं तर तिला दुखतं. लोक मांजर घेतात, घुबड घेतात. आईनं टिटवी मागितली. म्हटलं, नाव काय? तर म्हणाली, साहेबराव."

"आम्ही म्हटलं, काकू, टिटवी आणि साहेबराव?" सनी म्हणाला. "तर म्हणाल्या, नर टिटवी काय नसतीय व्हय रे?"

मिनलला हसू आलं आणि तिनं ते दाबलं नाही. "आणि काय हाक मारायच्या, काका! साहेबराव, इकडं या! साहेबराव, तिकडं बघा! खाली पार्किंगपर्यंत जायचा आवाज."

साहेबराव खुर्चीवर बसले. तेहेतीस वर्षांत सोजरनं त्यांचं नाव घेतलं नव्हतं. तिच्या गावाकडं बायका घ्यायच्या नाहीत, आणि इथं येऊनही तिची ती सवय सुटली नाही. अहो. ऐकलं का. मैत्रीचे पप्पा. बँकेत फॉर्म भरताना साहेबानं नवऱ्याचं नाव विचारलं तर हिनं आधार कार्ड पुढं सरकवलं. साहेबराव कधी म्हणायचे, अगं हा जुनाट प्रकार आहे, सोड, नाव घेतल्यानं काय माझं आयुष्य कमी होतंय? ती म्हणायची, तोंडातून निघतच न्हाई, काय करू. आणि इथं, ते विहारात वाचनालयाची पुस्तकं लावत असताना, ती दर रविवारी दोन मजले खाली ऐकू जाईल अशा आवाजात तेच नाव घेत होती. त्यांना हेवा वाटला. पाखराचा वाटला. मग लाज वाटली, आणि त्यानंतर, आठ महिन्यांत पहिल्यांदा, पुढं काय झालं हे जाणून घ्यावंसं वाटलं.

"मग आता मारताय का त्याला?"

मैत्रीनं एका दमात सांगून टाकलं. आज शेवटचा डाव. सनीची बदली चेन्नईला झाली, गुरुवारी तो जाणार. पाच वर्षांची गोष्ट आज संपवायची. बाकी सगळ्यांचं झालं, फक्त केसर राहिली. ज्या गावानं तिला चेटकीण म्हणून हाकललं त्या गावाच्या वेशीवर ती आठ महिने उभी आहे. टिटवी तिच्या खांद्यावर. सुरुवातीला मैत्रीनं प्रत्येकाला विचारलं होतं, तुमच्या माणसाला काय पाहिजे? कुणी राज्य मागितलं, कुणी तलवार. आई म्हणाली, मला वेशीतून आत जायचंय. मागच्या दारानं न्हाई.

"ती नाही तर कोण खेळणार?" मैत्री म्हणाली. "मी गोष्ट सांगते, मीच तिला जिंकवून टाकू का? ते खोटं होईल. म्हणून सनी म्हणतोय..."

"मी खेळतो," साहेबराव म्हणाले.

कोथिंबीर अजून हातात होती. मिनलनं ती काढून घेतली.

केसर. हे नाव कुठलं ते पोरांना माहीत नव्हतं, साहेबरावांना होतं. केसरबाई ही सोजरची मावशी. धाराशिवकडच्या त्या गावात एकाच पावसाळ्यात गल्लीतली दोन लेकरं तापानं गेली, आणि विधवा केसरबाई रात्री अंगणात बसते, पाखरांशी बोलते, एवढं गावाला पुरलं. तिचं घर पाडलं. ती ओढ्यापलीकडं पत्रा टाकून राहिली, आणि आई नसलेल्या सोजरला तिनं तिथंच सहा वर्षं वाढवलं. मग सोजरचं लग्न ठरलं. साहेबरावांचे वडील चळवळीतले, सभांमधून अंधश्रद्धेवर तास तास बोलणारे. त्यांनीच निरोप दिला, बाईंना लग्नाला आणणं राहू द्या, आमचं काही नाही, पण लोक. साहेबराव तेव्हा सत्तावीस वर्षांचे होते. वडील सोजरच्या घरी ओसरीवर निरोप सांगत होते तेव्हा साहेबराव तिथंच बसून पत्रिकांवर पत्ते लिहीत होते. एक पत्रिका केसरबाईंच्या नावाची होती, लिहून झालेली. ती त्यांनी गठ्ठ्यातून काढली आणि ढुंगणाखाली सारली. काही बोलले नाहीत. लग्न झालं, केसरबाई आली नाही, चार वर्षांनी वारली. सोजरनं या तेहेतीस वर्षांत त्याबद्दल एक शब्द काढला नाही. ती विसरली असेल असं ते धरून चालले. माणसाला सोयीचं असतं ते तो धरून चालतो.

"थांबा," ते म्हणाले आणि कपाटातून मापं घ्यायचं व्हर्निअर घेऊन आले. छत्तीस वर्षं चाकणच्या कारखान्यात, पत्रा दाबणाऱ्या प्रेस शॉपमध्ये काढली, त्यातली शेवटची बारा इन्स्पेक्शनला. मोजल्याशिवाय माल पुढं सोडायचा नाही. वीस बाजूंचा एकेक फासा त्यांनी व्हर्निअरच्या जबड्यात धरून समोरासमोरच्या बाजू मोजल्या. हिरवा बरोबर निघाला. निळा चालण्यासारखा. एका जुन्या पिवळ्या फाशाचा कोपरा उडालेला होता. "हा रिजेक्ट," ते म्हणाले.

"काका, हा खेळ आहे, कस्टमर ऑडिट नाही," सनी म्हणाला.

"पंधरा पॉइंटचा फरक आहे त्यात. फसवंल."

"काकू नेहमी तोच घ्यायच्या," मिनल हळूच म्हणाली. "टिटवीसाठी."

साहेबरावांनी पिवळा फासा बाजूला ठेवला. टाकून दिला नाही, पण घेतलाही नाही.

मैत्रीनं गोष्ट सुरू केली. बोलता बोलता तिचा आवाज बदलला आणि साहेबरावांच्या लक्षात आलं की ही आपल्याला माहीत नसलेली मैत्री आहे. वेस दगडी आहे. उन्हानं तापलीय. आत मांडव घातलाय, गावात कुणाचं तरी लग्न आहे, पंगत बसायची आहे. वेशीत पाटलाची सहा कुत्री सोडलीत. केसरला वास येतोय, भाताचा आणि कुत्र्यांचा. काय करते केसर?

 समोर साधं टेबल होतं, त्यावर शेंगदाण्याची टरफलं. तरी साहेबरावांच्या तळव्यांना दगडाची धग लागली. काय करते? आणि मग त्यांना आठवलं, कारण कागदावर टिटवी लिहिलं होतं. चाकणला प्रेस शॉपच्या मागं, भंगाराच्या पेट्यांपाशी खडीवर टिटवीनं चार अंडी घातली होती. फोर्कलिफ्टच्या वाटेतच. किसन फोर्कलिफ्ट चालवायचा. त्याची गाडी जवळ आली की टिटवी समोर यायची आणि एक पंख जमिनीवर टाकून फरफटत लांब लांब जायची. किसन म्हणाला, मोडलाय राव पंख, धरू या. दोघं तिच्यामागं तीस-चाळीस पावलं गेले. धरणार एवढ्यात ती भर्रकन उडाली, डोक्यावर घिरट्या घालत शिव्या देऊ लागली. तेव्हा कळलं, आपल्याला अंड्यांपासून लांब नेलं. त्यांनी तिथं चार पिवळे स्टँड लावून वाट वळवली. त्या दिवशी घरी जेवताना त्यांनी हे सोजरला सांगितलं होतं. सोजर वाढायची थांबली. म्हणाली, मग परत आली का? कोण? टिटवी. आली असंल की, ते म्हणाले, मी काय बघत बसलो व्हय. आणि कालवण वाढायला लावलं.

वीस वर्षं झाली असतील. त्यांच्या तोंडून पडलेली ही एवढीशी गोष्ट तिनं ठेवून घेतली होती.

"टिटवी पंख मोडल्याचं सोंग करते," साहेबराव म्हणाले. "कुत्र्यांना ओढ्याकडं नेते. केसर आत जाते."

सनीनं टेबलावर थाप मारली. "भावा! काका तर तयार खेळाडू निघाले."

"दोन फासे पडतील," मैत्री म्हणाली. "केसरचा एक, टिटवीचा एक. दोन्ही चौदा किंवा वर यायला पाहिजेत. टिटवीचा फासा आई दुसऱ्या कुणाला तरी टाकायला..."

"दे इकडं. दोन्ही मीच टाकतो."

मैत्री काही बोलणार होती, थांबली. हे तिच्या सवयीचं झालं होतं. आठ महिने ती म्हणायची, पप्पा मी भाजी करते, ते म्हणायचे, राहू दे, मीच करतो. आईच्या साड्या बघू या का, मी बघतो. रडायचं असेल तर... मी ठीक आहे. साहेबरावांनी हिरवा आणि निळा, तपासून पास केलेले दोन्ही फासे मुठीत घेतले आणि टाकले. हिरवा एकोणीसवर थांबला. निळा टेबलाच्या कडेपर्यंत गेला, फिरला, आणि तीन.

मैत्रीचा चेहरा उतरला, पण आवाज तिनं तसाच ठेवला. टिटवी फरफटत निघाली. पण कुत्रं तिच्या आधी वळलं. सोंग खरं झालं. पंख तोंडात सापडला. केसरच्या खांद्यातून कळ गेली. ती वेशीबाहेर गुडघ्यावर आलीय. टिटवी मातीत पडलीय, कुत्री परत फिरताहेत.

साहेबरावांचा उजवा खांदा खरंच दुखला. त्यांनी तो दुसऱ्या हातानं धरला. बाराशे टनाच्या प्रेसला दोन माणसं लागतात. दोघांची दोन दोन बटणं, चारही तळहात एकदम टेकले तरच प्रेस खाली येतो. म्हणजे चारपैकी एकही हात आत नाही याची खात्री. पण प्रॉडक्शनची घाई असली की पोरं एका बाजूच्या बटणांत लाकडी पाचर ठोकायची आणि एकटाच दोघांचं काम ओढायचा. लवकर होतं, सोपं होतं, कुणाची वाट बघायला नको. तशाच एका पाचरीनं किसनची दोन बोटं गेली. त्यानंतर साहेबराव प्रत्येक शिफ्टला आधी पाचरी शोधत फिरायचे, सापडली की पोरांना आईमाईवरून बोलायचे. आणि घरात, आठ महिने, त्यांनी समोरच्या बाजूची दोन्ही बटणं स्वतःच ठोकून ठेवली होती. मैत्री तिकडं हात पुढं करून उभी होती.

"संपलं का?" त्यांनी विचारलं.

"एक वाट आहे," मैत्री म्हणाली. "गाठ पुन्हा बांधता येते. एकदाच. चेटकिणीनं सोबत्याला आजवर कधी न सांगितलेली गोष्ट सांगायची. खरी पाहिजे."

"खरी हाय का खोटी, कोण ठरवणार?"

"सोबती."

साहेबरावांनी पिवळा फासा उचलला. कोपरा उडालेला, रिजेक्ट. तो त्यांनी मैत्रीच्या तळहातावर ठेवला आणि तिची बोटं मिटवली. "तू टिटवी हो," ते म्हणाले. "मला एकट्याला न्हाई जमत."

मैत्रीनं मूठ छातीशी घेतली.  साहेबरावांनी सोजरचा कागद समोर ओढला. त्यांना वाटलं होतं, स्वतःचं काही सांगू, एखादी जुनी चूक. पण ते केसर होते, ज्या नावाच्या बाईनं सोजरला वाढवलं ती, आणि सोजरही होते, आणि पुढ्यात मातीत पडलेलं पाखरू साहेबराव होतं. तोंड उघडलं तर आवाज त्यांचाच, पण बोलायची रीत तिची आली.

"साहेबराव," ते म्हणाले. आपलंच नाव, तिनं घेतलं असतं तसं. "तुमाला वाटलं मला कळलं न्हाई. पत्रिका लिवली हुती. माज्या मावशीच्या नावाची. तुमी ती दडवली. तुमच्या वडलांनी निरोप दिला तवा तुमी तितं बसला हुता. मी दाराआड हुते. मी बघितलं. तेहेतीस वर्सं तुमाला जेवाय वाढलं, पण ही गोष्ट कदी वाढली न्हाई. मला वाटायचं, आज बोलतील. उद्या बोलतील."

ती दाराआड होती की नव्हती, साहेबरावांना माहीत नव्हतं. पण बोलून झाल्यावर वाटलं, होतीच. तिनं मावशीचं नाव घेतलं, चेटकीण हे काम घेतलं, आणि साहेबरावांना खांद्यावर घेऊन वेशीपर्यंत चालत आली, हे काय उगाच? शिक्षा करायची असती तर पाखरू मारता आलं असतं, पहिल्याच रविवारी. तिनं त्याला बरोबर नेलं. जिथं तो गप्प बसला होता, तिथंच त्याला ओरडायला लावायचं होतं तिला.

मैत्रीच्या गालावरून पाणी ओघळत होतं. तिला हे कधीच माहीत नव्हतं.  मग टिटवीनं उत्तर दिलं.

"खरं आहे," टिटवी म्हणाली. "मी गप्प बसलो. पण आता बसणार नाही."

"मग वरड," साहेबराव म्हणाले.

दोघांनी मुठी टेबलावर टेकवल्या. साहेबरावांनी मुलीकडं पाहिलं, तिनं मान हलवली, आणि छत्तीस वर्षं शॉपमध्ये द्यायचे तशी त्यांनी हाक दिली, "हां!" दोन्ही फासे एकदम सुटले. हिरवा सोळावर बसला. पिवळा टरफलांत अडखळला, तुटक्या कोपऱ्यावर क्षणभर उभा राहिला, आणि पडला. वीस.

सनी खुर्चीवर चढला. मिनलनं किंचाळून साहेबरावांचा दंडच धरला. मैत्री त्या गोंधळातच गोष्ट सांगत होती, हसत, नाक पुसत. टिटवी उठलीय. एक पंख ओढत ती कुत्र्यांच्या नाकासमोरून निघालीय, आणि ओरडतेय, असं ओरडतेय की पंगतीतली माणसं उठून बघताहेत. सहाच्या सहा कुत्री तिच्यामागं ओढ्याकडं. वेस मोकळी. केसर काय करते?

"चालते," साहेबराव उभं राहून म्हणाले. "घाई करत न्हाई. मधोमध चालते. मांडवात जाते. पहिल्या ओळीत बसते. म्हणते, वाढा."

"कुणी अडवलं तर?"

"अडवून तर बघा म्हणावं."

"कुणी अडवत नाही," मैत्री म्हणाली. "वाढतात. भात वाढतात, वरण वाढतात." आणि तिनं वही मिटायला हात लावला.

"थांब," साहेबराव म्हणाले. "आधी सांग. टिटवी परत आली का?"

मिनलनं तोंडावर हात ठेवला. "काकू पण दर वेळी हेच विचारायच्या," ती म्हणाली. "बाकी काही असो. आधी हे."

मैत्रीनं वही पुन्हा उघडली. "ओढ्यापलीकडं आहे ती," ती म्हणाली. "कुत्री दमून बसलीत. पण लांब आहे. हाक मारावी लागेल."

साहेबराव गॅलरीच्या दारात गेले. बाहेर ऊन उतरायला लागलं होतं. समोरच्या इमारतीवर गाद्या वाळत होत्या, खाली कुणीतरी गाडी धूत होतं. त्यांनी कठड्यावर दोन्ही तळहात टेकले, छातीत हवा भरून घेतली, आणि सोजरनं तीन वर्षं जी हाक मारली ती पूर्ण आवाजात मारली.

"साहेबराव! या आता! घरी या!"

खालच्या मजल्यावरचे सोपानराव चहाचा कप घेऊन बाहेर आले, त्यांनी मान वर केली. गेले आठ महिने जिन्यात भेटले की ते नुसतं मान हलवून पुढं जायचे. "काय हो, कोण हाका मारतंय तुम्हाला?"

"घरातनं मारतायत," साहेबराव म्हणाले. ते हसत होते. "आलो म्हणून सांगितलंय."